शिट्टी त्यांनी मारली, खिळे मला

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि मी रागावलेली आहे. माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो. त्या गेल्या दिवसांसाठी उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. माझ्याबाबतीत जे झाले ते म्हातारपणामुळे झाले नाही, माणसांमुळे झाले. म्हणून ते जसे झाले तसेच सांगते.

रावेरमध्ये मुख्य रस्त्यालगत मुलींचे एक वसतिगृह आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडच्या भिंतीत मी आहे. मला चिंधा मिस्तरींनी घडवले. लाकूड सातपुड्यातल्या सागाचे. ते त्यांनी पूर्ण वाळेपर्यंत सावलीत ठेवले होते. ओल्या लाकडाची खिडकी नंतर वाकडी होते आणि मग लोक खिडकीला नावे ठेवतात, असे ते म्हणायचे. मला दोन झडपा दिल्या. वर काचेची तावदाने, खाली जाड फळी. झडपा बाहेर उघडणाऱ्या आणि आत लोखंडी गज. दोन्ही झडपा मिटल्या की मधून सुईसुद्धा जाऊ नये, इतक्या त्या एकमेकींना चिकटून बसत.

भिंतीत बसवून झाल्यावर मिस्तरींनी तेव्हाच्या रेक्टरबाईंना बोलावून घेतले आणि म्हणाले, "बाई, ही पश्चिमेची खिडकी. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत मिटायची आणि ऊन उतरलं की उघडायची. एवढं केलं तं पोरी सुखानं झोपतीन."

पुष्कळ वर्षे तसेच चालले. दर दिवाळीला मुली मला जवसाचे तेल चोळत. माझ्या गजांवर ओल्या रिबिनी वाळत. चैत्र-वैशाखात दुपारभर मी घट्ट मिटून उन्हाला बाहेर थोपवून धरी. संध्याकाळी झडपा उघडल्या की केळीच्या बागांवरून आलेला वारा आत शिरे आणि वह्यांची पाने फडफडत. एखादी मुलगी माझ्या कठड्यावर हनुवटी टेकून खालून जाणारे केळीचे ट्रक बघत उभी राही. मला दुसरे काही नको होते.

मग हळूहळू तेल बंद झाले. तेलाऐवजी रंग आला. संस्थेची तपासणी जवळ आली की कोणीतरी ब्रश घेऊन यायचा आणि धुळीवरच रंगाचा हात मारून जायचा. हिरव्यावर निळा, निळ्यावर करडा. माझ्या बिजागऱ्या रंगात बुडाल्या. काचा धरून ठेवणारी पुट्टी वाळून गळून पडली. एका उन्हाळ्यात माझ्या खालच्या कठड्यावर कूलर ठेवला. त्याचे पाणी रोज ठिबकत राहिले आणि चौकटीचा तो कोपरा कुजला. पुढे कूलर खाली ऑफिसात गेला. कुजका कोपरा माझ्याकडेच राहिला.

तरीही मी उघडत होते आणि मिटत होते. कुरकुरत, अडत, पण माझे काम करत होते. तेही मला करू दिले नाही.

समोरच्या रस्त्याकडेला, चहाच्या टपरीजवळ, काही पोरे मोटारसायकली लावून उभी राहू लागली. मुली खिडकीशी आल्या की ती शिट्ट्या मारत. एकदा त्यांनी चिठ्ठी बांधलेला दगड आत फेकला. तेव्हा या खोलीत मृणाली आणि भाविका राहत होत्या. मृणाली दीपनगरची, वीज केंद्राची राख उडते तिथली. ती इथे डिप्लोमा करत होती. भाविका धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडच्या गावातली. तिचा मामा इथल्या केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये कामाला होता, म्हणून तिच्या आईने तिला इतक्या लांब पाठवले होते. भाविकाला डॉक्टर व्हायचे होते. तिची बारावी झाली होती आणि ती मे महिन्यातल्या नीट परीक्षेची तयारी करत होती.

दोघींनी तो दगड उचलला आणि रेक्टर प्रमिलाबाईंकडे नेऊन दिला. त्यांनी जे करायला हवे होते तेच केले. प्रमिलाबाईंनीही तो दगड संस्थेचे सचिव रुपचंदनाना यांच्यासमोर ठेवला. नाना मोठे केळी बागायतदार. मनाने वाईट नव्हते. पण त्या पोरांमध्ये कमिटीतल्याच एकाचा पुतण्या होता आणि ते नानांना ठाऊक होते.

"पोलिसात गेलो तं गावभर बोभाटा व्हईन," नाना म्हणाले. "पोरीच्याच नावाचा व्हईन. त्यापेक्षा त्या बाजूच्या खिडक्याच बंद करून टाका."

"नाना, उन्हाळा तोंडावर आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"पंखे आहेत ना बाई? मंग?"

दुसऱ्या दिवशी एक माणूस हातोडा घेऊन आला. त्याने माझ्या दोन्ही झडपा ओढून घेतल्या आणि चौकटीतून आरपार लांब खिळे ठोकले. वर, खाली आणि मधोमध. माझ्या शेजारच्या खोल्यांमधल्या खिडक्यांनाही ठोकले. तेवढ्यावर भागले नाही, म्हणून काचांवर आतून करडा रंग फासला. खाली रस्त्यावर ती पोरे मोटारसायकलींना टेकून हे सगळे बघत होती आणि हसत होती.

मित्रांनो, शिट्टी त्यांनी मारली आणि खिळे मला मारले. दगड त्यांनी फेकला आणि कोंडल्या मुली. त्या टपरीवरचा एकही पोरगा त्या दिवशी घरी बसवला गेला नाही. हा न्याय कोणत्या शाळेत शिकवतात, हे मला अजून समजलेले नाही.

खिळे मारल्यावर मी नीट मिटले असते, तरी एक वेळ चालले असते. पण कुजक्या कोपऱ्यामुळे आणि रंगाच्या थरांमुळे माझ्या झडपा चौकटीला धड टेकतच नव्हत्या. सगळीकडे फटी होत्या. आता मला उघडता येत नव्हते आणि मिटताही येत नव्हते. दुपारची झळ फटींतून आत येई, धूळ आत येई आणि संध्याकाळी तापलेली हवा बाहेर जायला वाट नसे. भट्टीचे तोंड लिंपून घ्यावे तशी खोली रात्रभर धगधगत राही. मुली फरशीवर पाणी ओतून त्यावर झोपू लागल्या.

एप्रिल संपत आला होता. त्या दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला. भाविका माझ्या खालच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. आधी तिने ओढणी भिजवून डोक्यावर घेतली. मग ती बराच वेळ एकाच पानाकडे बघत राहिली. मग ती काहीतरी बोलू लागली. तिचे शब्द एकमेकांत अडकत होते. मला वाटले, ती पाठांतर करते आहे. तेवढ्यात ती खुर्चीवरून बाजूला घसरली आणि तिचे डोके माझ्या खालच्या भिंतीवर आपटले.

मृणाली कॉलेजातून आली तेव्हा भाविका फरशीवर पडलेली होती. मृणालीने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. अंग तापलेले होते आणि घामाचा थेंब नव्हता. ती उठून माझ्याकडे आली. तिने माझी कडी ओढली. खिळे जागचे हलले नाहीत. तिने गजांमधून हात घालून झडपेला धक्के दिले. मग तिने दाराचा लोखंडी अडसर उपसला आणि गजांमधून माझ्या तावदानावर घातला. पुन्हा घातला. काच फुटून बाहेर पडली.

माझे तावदान फुटले आणि मला बरे वाटले. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणते आहे.

मुलींनी भाविकाला चादरीत घालून खाली नेले. केळी भरायला निघालेला एक छोटा टेम्पो रस्त्यावर थांबला आणि त्याने तिला सरकारी दवाखान्यात पोहोचवले. डॉक्टरांनी तिला ओल्या चादरीत गुंडाळले, सलाईन लावले. नंतर प्रमिलाबाई खोलीत आल्या तेव्हा मृणालीला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती."

भाविका वाचली. पण तिच्या अंगात बसून राहण्याचीही ताकद उरली नाही आणि परीक्षा तशीच निघून गेली.

तिची आई ताईबाई शिंदखेड्याहून आली. उंच, सावळी, उन्हातान्हात राबलेली बाई. ती दवाखान्यातून लेकीचे कपडे घ्यायला वर आली. तिने खोलीत पाय टाकला आणि जागीच थांबली. मग माझ्याजवळ येऊन तिने एकेका खिळ्यावरून बोट फिरवले.

"बठ्ठ्या खिडक्यासले खिळा काबरं ठोकेल शेतस?" सगळ्याच खिडक्यांना खिळे का, असे तिने आपल्या बोलीत विचारले.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "बाहेर पोरं त्रास देत होती, अक्का. मुलींच्या सुरक्षेसाठी..."

"मी पोरले शिकाले धाडेल व्हती," ताईबाई शांतपणे म्हणाली, "मराले नही."

तिने कपडे पिशवीत भरले आणि ती गेली. भाविकाची पेटी तिला एकटीला उचलेना, म्हणून ती इथेच राहिली.

आता ऐका, पुढे काय झाले. संस्थेने चौकशी लावली. कशाची? काच कोणी फोडली याची. मृणालीला खाली ऑफिसात बोलावले. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. आणि कमिटीने कागदावर ठराव केला की या सगळ्याला जुन्या लाकडी खिडक्याच कारणीभूत आहेत. त्यांना फटी आहेत, त्यांतून झळ येते. तेव्हा त्या काढून टाकाव्यात आणि तिथे ॲल्युमिनिअमच्या चौकटीत पक्की काच बसवावी. न उघडणारी काच. पश्चिमेच्या भिंतीला. रावेरच्या उन्हात.

माझ्या कुजक्या कोपऱ्याला कारण कोण? माझी पुट्टी गळली तेव्हा कोण बघत होते? मला खिळे कोणी मारायला सांगितले? हे त्या कागदावर कुठेच नव्हते. गुन्हेगार म्हणून माझे नाव होते.

नाना मापे घ्यायला स्वतः आले. ती दुपारचीच वेळ होती. खोलीत प्रमिलाबाई होत्या आणि मृणाली होती. नानांनी टोपी काढून मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाले, "चला, खाली ऑफिसात बसून बोलू. तिथी कूलर आहे."

"नाही नाना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "इथंच बोलू. बसा."

मी त्यांना आजवर नानांसमोर इतके सरळ बोलताना ऐकले नव्हते. नाना भाविकाच्या खुर्चीवर बसले. थोड्याच वेळात त्यांचा सदरा पाठीला चिकटला. फुटलेल्या तावदानातून गरम वारा थेट त्यांच्या तोंडावर येत होता.

"नाना, एक विचारू?" मृणाली म्हणाली. "तुमच्या केळीच्या बागेला पश्चिमेच्या बाजूनं काय लावलंय?"

"शेवरीच्या झाडांची दाट रांग लावली आहे. अन् तिच्या बाहेरून हिरवी जाळी. काऊन?"

"कशासाठी?"

"अवं, उन्हाळ्याचं वारं लागलं तं पानं फाटतात. घड भाजतो. बाग जाते."

"मग चारी बाजूंनी भिंतच का नाही बांधत?"

"भिंत बांधून कसं चालीन?" नाना हसले. "बागेत हवा खेळली पाह्यजे. आडोसा पाह्यजे, कोंडवाडा नाही."

एवढे बोलून ते थांबले. नानांनी पुन्हा मान पुसली.

"तुमच्या घडाला आडोसा मिळतो, नाना," मृणाली म्हणाली. "भाविकाला खिळे मिळाले."

"मले काय पोरीचं वाईट करायचं होतं का?" नाना जरा चढ्या आवाजात म्हणाले. "उद्या काही कमीजास्त झालं असतं तं लोकांनी मलेच विचारलं असतं ना."

"झालंच की कमीजास्त," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कोणी विचारलं तुम्हाला? मलाही कोणी विचारलं नाही. फक्त काच कोणी फोडली ते विचारलं."

नाना खुर्चीवरून उठले. माझ्याकडे न बघता दाराशी गेले. तिथे थांबून म्हणाले, "एका खोलीची जुनी खिडकी नीट करून दाखवा. मंग बघू."

बघू. मला तो शब्द अजून बोचतो. पोरगी मरता मरता वाचली होती आणि हे बघणार होते.

पण मृणालीने तेवढ्यावर काम सुरू केले. तिने अमृत मिस्तरींना आणले. अमृतभाऊ गावात स्वयंपाकघरांची कपाटे बनवायचे. माझ्याकडे बघून त्यांनी डोके खाजवले आणि म्हणाले, "मी तं सनमायकावाला माणूस. असलं जुनं काम मी कधी केलं नाही. बिघडलं तं मले बोलू नका."

"अजून काय बिघडायचं राहिलंय?" मृणाली म्हणाली.

पहिल्यांदा खिळे निघाले. एकेक खिळा करकरत, लाकूड धरून ठेवत बाहेर आला. दुखले. पण ते दुखणे मी आनंदाने सोसले. मग झडपा उतरवून अंगणात ठेवल्या आणि मुलींनी दुपारची कॉलेजे सांभाळून त्या खरवडायला घेतल्या. करडा गेला, निळा गेला, हिरवा गेला. खाली साग तसाच होता, मधासारखा. मुली हात फिरवून बघत होत्या. इतक्या वर्षांत मला कोणी तसा हात लावला नव्हता.

कुजलेला कोपरा अमृतभाऊंनी कापून काढला आणि तिथे सागाचाच तुकडा बेतून बसवला. काचांभोवती खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली पुट्टी भरली. फुटलेल्या जागी नवे तावदान आले. बिजागऱ्या रॉकेलमध्ये बुडवून मोकळ्या केल्या. झडपा पुन्हा बसवल्या, तरी फटी राहिल्याच. मृणालीने पेटती उदबत्ती माझ्या कडेकडेने फिरवली. जिथे वारा आत येत होता तिथे धूर आत वळत होता. तिथे तिथे तिने खडूने खूण केली.

"आमच्या दीपनगरला धुळीसाठी आई फटीत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कोंबते," ती म्हणाली. "पण त्या रोज निघून पडतात. काहीतरी ठोकून बसवलं पाहिजे."

वसतिगृहाच्या अडगळीत जुन्या खाटांची नवार पडून होती. जाड सुती पट्टी. मुलींनी ती धुऊन वाळवली आणि अमृतभाऊंनी ती माझ्या चौकटीच्या खाचेत, जिथे झडप येऊन टेकते तिथे, बारीक चुका, म्हणजे इवले खिळे, मारून बसवली. पण त्यांनी दुहेरी नवार लावली होती. झडप मिटेना. त्यांनी जोर केला आणि नवे तावदान कोपऱ्यातून तडकले.

मृणालीने हातातला खडू खाली ठेवला. ती बाहेर जिन्यात जाऊन बसली. थोड्या वेळाने परत आली आणि म्हणाली, "एकेरी लावून बघू." पुन्हा सगळी नवार काढली, पुन्हा एकेरी बसवली, पुन्हा तावदान बदलले. या वेळी झडप हलक्या हाताने टेकली आणि नवारीत रुतून बसली. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.

आतल्या बाजूने, गजांच्या अलीकडे, त्यांनी आणखी एक पातळ झडप केली, जाड पुठ्ठ्यासारख्या प्लायची. दोन झडपांच्या मध्ये हवा कोंडून राहते आणि झळ आत यायला वेळ लागतो. रात्री माझ्या झडपा उघड्या ठेवता याव्यात म्हणून डासांची जाळी बसवली. बाहेरून वाळ्याची ताटी टांगली, संध्याकाळी गुंडाळून घेता येईल अशी.

खोली थंडगार झाली असे मी म्हणणार नाही. मी खोटे बोलत नाही. मे महिन्यात रावेरला काहीच थंडगार होत नाही. पण दुपारी फरशी पायाला चटका देईनाशी झाली. टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचेनाशी झाली. आणि ऊन उतरले की माझ्या दोन्ही झडपा उघडत, दिवसभराची ऊब बाहेर जाई आणि मुली फरशीवर पाणी न ओतता झोपत.

शिट्ट्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. प्रमिलाबाई एका संध्याकाळी दहाबारा मुलींना बरोबर घेऊन त्या टपरीवर गेल्या. मी उघडी होते, म्हणून मला सगळे दिसले. त्यांनी त्या पोरांची नावे एकेक करून मोठ्याने विचारली. पहिल्या दोघांनी सांगितली, बाकीचे मोटारसायकली घेऊन निघून गेले. मग त्या मुलींना घेऊनच पोलीस ठाण्यात गेल्या. कमिटीवाल्याच्या त्या पुतण्याचे नावही त्यांनी लपवले नाही. गावात बोभाटा झाला. तो पोरांच्या नावाचा झाला, मुलींच्या नाही, आणि शिट्ट्या थांबल्या. इतके सोपे होते ते. खिळ्यांपेक्षा सोपे होते.

जूनमध्ये ताईबाई पुन्हा आली, भाविकाची पेटी न्यायला. या खेपेला तिच्याबरोबर तिचा भाऊ, भाविकाचा मामा होता. तिने माझ्या झडपा स्वतःच्या हाताने उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. नवारीवर बोट दाबून बघितले. आतली झडप ओढून बघितली.

"चांगलं काम शे," ती म्हणाली.

मृणालीचा चेहरा उजळला. "भाविकाला पाठवा ना अक्का, पुढच्या वर्षासाठी. हीच खोली देऊ."

"ती आते गावनाच कॉलेजमा जास," ताईबाई म्हणाली. "तिना बाप तिले लांब धाडत नही. मी लई सांगं त्याले. तो आयकत नही." मग ती प्रमिलाबाईंकडे वळली. "हाई काम पहिले काबरं नही करं? मनी पोर पडनी, तवय तुमले खिडकी दिसनी."

मामाने पेटी खांद्यावर घेतली. प्रमिलाबाई जिन्यापर्यंत त्यांच्यामागे गेल्या आणि तिथेच कठडा धरून उभ्या राहिल्या.

नानाही एकदा येऊन गेले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी झडप ढकलून बघितली आणि "बरं झालं आहे" असे म्हणाले. बाकीच्या खोल्यांचे काय, असे प्रमिलाबाईंनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. ती बैठक अजून झालेली नाही.

मित्रांनो, म्हणून माझा राग गेलेला नाही. माझ्या अंगाला तेल लागले, माझी कौतुके झाली, वर्तमानपत्रवाला येऊन माझा फोटोही काढून गेला. पण माझ्या डाव्या-उजव्या हाताच्या खिडक्या अजून खिळलेल्याच आहेत. त्यांच्याही मागे मुली झोपतात. आणि जिच्यामुळे हे सगळे झाले ती इथे नाही.

जुन्या लाकडाला फेकून देण्याआधी त्याला काय झाले आहे ते विचारा. वर्षातून एकदा तेल, सुटलेली पुट्टी, अडलेली बिजागरी, एवढीच आमची मागणी असते. ते केले तर आम्ही तुमच्या नातवंडांनाही सावली देऊ. पण त्याहूनही मोठी गोष्ट सांगते. कोणाच्या भीतीपोटी कोणाला कोंडताना, आपण नेमका कोणाच्या तोंडावर हातोडा मारतो आहोत, ते एकदा बघून घ्या.

हे मी तुम्हाला सांगते आहे तोवर शेजारच्या खोलीत काहीतरी सुरू झाले आहे. मृणालीने अमृतभाऊंची पटाशी आणि खिळे उपटायची पकड मागून आणली आहे. बैठकीची वाट बघायची नाही, असे तिने जेवताना सगळ्यांना सांगितले होते. प्रमिलाबाईही तिच्याबरोबर आल्या आहेत. त्या तिला अडवत नाहीत. त्यांनी पदर खोचला आहे आणि झडप आतून घट्ट धरून ठेवली आहे, म्हणजे लाकूड फाटू नये.

पहिला खिळा निघाला. भिंतीतून मला ऐकू आला.